माऊस बंद पडला त्या रात्री

माझ्या जुन्या लॅपटॉपचं टचपॅड केव्हाच गेलेलं. दीडशे रुपयांच्या माऊसवर सगळं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी एका रात्री, पावणेदहाच्या सुमारास, त्या माऊसच्या पोटातला लाल दिवा विझला. काढून पुन्हा लावला, दुसऱ्या खाचेत लावला, मुलीनं फुंकर मारून पाहिली. काही नाही. पडद्यावरचा बाण जिथे होता तिथेच थिजला.

एरवी मी लॅपटॉप मिटून झोपलो असतो. पण त्या रात्री बारा वाजता शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत होती. मुलांनी अर्ज भरले होते. शाळेनं प्रत्येक अर्ज उघडायचा, कागदपत्रं पाहायची आणि तो पुढे पाठवायचा. शाळेनं पाठवला नाही तर अर्ज तिथेच पडून राहतो. हे काम माझ्याकडे होतं आणि चौदा अर्ज बाकी होते. आज करू, उद्या करू म्हणत मीच ते शेवटच्या दिवसापर्यंत आणले होते. या चौदांत कुणाचा बाप इतवारा बाजारात हातगाडी लावतो, कुणाची आई घरी शिवणकाम करते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांनी मजुरी बुडवून तहसीलच्या चकरा मारल्या होत्या.

अमरावतीत त्या वेळी माऊस विकणारं एकही दुकान उघडं नव्हतं. शेजारचे लॅपटॉपवाले लग्नाला परतवाड्याला गेले होते. मोबाईलवर ते पान उघडायचं, पण खालचं बटण काही दिसायचं नाही. शाळेतल्या सहकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, आता काय करता? तारीख वाढते दरवेळी." वाढतेही. पण नाही वाढली तर?

तेव्हा मला अकोल्याचा तो मुलगा आठवला. मुलगा कसला, आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, बँकेत नोकरीला. आमच्या शाळेतून शिकून गेलेला. दर ईदला न चुकता फोन करतो. मागच्याच ईदला सांगत होता की त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर असतं आणि माऊसला तो हातही लावत नाही. लावून उपयोगही नाही, कारण त्याला दिसत नाही. आठवीत आला तेव्हा उजेड-अंधार एवढंच कळायचं, पुढे तेही गेलं.

आमचं बोलणं उर्दूत झालं, इथे मराठीत देतो. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "सर, माऊस बाजूला ठेवा. फोन स्पीकरवर टाका. आता मला सांगा, तुम्ही कुठे आहात?"

मला वाटलं, घरी की शाळेत असं विचारतोय. तो हसला. "कोणत्या खिडकीत आहात, सर?"

मग त्यानं मला चालवायला सुरुवात केली. ऑल्ट धरून ठेवा, टॅब दाबत राहा, उघड्या खिडक्या एकेक करून समोर येतील. हवी ती आली की ऑल्ट सोडा. आली. आता नुसता टॅब. दर टॅबला पानावरचा एकेक दुवा, एकेक चौकट पुढे सरकते. चुकून पुढे गेलात तर शिफ्ट धरून टॅब, म्हणजे एक पाऊल मागे. चौकटीत खूण करायची तर स्पेसबार. यादीतून निवडायचं तर ऑल्ट आणि खालचा बाण, यादी उघडते. मागच्या पानावर जायचं तर ऑल्ट आणि डावा बाण.

पहिल्या अर्जाला वीस मिनिटं लागली. टॅब दाबून दाबून बोट दुखलं. तेव्हा त्यानं एक युक्ती सांगितली. "पानावर जो शब्द हवा तो कंट्रोल-एफ करून शोधा. सापडला की एस्केप. तो दुवा असेल तर तुम्ही नेमके त्याच्यावरच उभे असता. एंटर मारा." खरंच तसं झालं. कागदपत्र नव्या टॅबमध्ये उघडलं की पाहून घ्यायचं, कंट्रोल-डब्ल्यूनं तो टॅब बंद करायचा, पुन्हा अर्जावर. तिसऱ्या अर्जापर्यंत मी सहा मिनिटांवर आलो. पाचव्यानंतर तो नुसता ऐकत होता आणि मी काम करत होतो.

एकदाच आम्ही अडलो. वेळ बराच गेल्यामुळे पान आपोआप बाहेर पडलं आणि पुन्हा आत शिरताना वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायला सांगू लागलं. तो म्हणाला, "हे तुम्हीच वाचा, सर. हे चित्र असतं, माझं मशीन चित्र वाचून दाखवत नाही. अशा ठिकाणी मलाही कुणाला तरी हाक मारावी लागते."

बाराला अकरा मिनिटं कमी असताना चौदावा अर्ज गेला. अकोल्याहून आवाज आला, "मुबारक हो, सर. अब सो जाइए."

मला झोप लागली नाही. २००९ सालचा एक तास राहून राहून डोळ्यांपुढे येत होता.

तेव्हा शाळेत पाच कॉम्प्युटर होते. एकेकावर आठ-आठ मुलं. मी उर्दू-मराठीचा शिक्षक, पण एमएससीआयटी केलेलं म्हणून कॉम्प्युटरचा तासही माझ्याच गळ्यात. या मुलाला मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "तू वर्गात बस बेटा. तुला तिथे काय दिसणार?" रागानं नाही, प्रेमानं म्हणालो. त्याला धक्काबुक्की होऊ नये असंही मनात होतं. वर्षभर दर बुधवारी सगळी मुलं पलीकडच्या खोलीत जायची आणि तो रिकाम्या वर्गात एकटा बसायचा. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट आपण पोराची काळजी घेतो असंच वाटत होतं.

आणि हे मला वाटावं? आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत माझ्या लहानपणी तरावीह पढवणारे हाफिजसाहेब दृष्टिहीन होते. सगळं कुरआन त्यांच्या जिभेवर. त्यांना काय दिसणार, असं कुणी कधी म्हणालं नाही. सूरह अबस मी कितीदा वाचली असेल, मुलांना तिची पार्श्वभूमीही सांगितली आहे. शिकायला आलेल्या एका अंध माणसाकडे त्या घडीला लक्ष दिलं गेलं नाही, म्हणून ही सूरह उतरली. त्यांचं नाव अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम. पुढे तेच मदिनेत अजान देत. हे सगळं तोंडपाठ असलेला मी, आणि शिकायला आलेल्या पोराला म्हणालो, वर्गात बस.

पुढच्या सुट्टीत अकोल्याला गेलो. बडनेरा सोडून मूर्तिजापूरकडे निघालं की आता गाडी सरळ धावते. हाच तो अमरावती-अकोला रस्ता, ज्याच्या ७५ किलोमीटरच्या एकेरी मार्गिकेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबर टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच्या घरी चहा झाला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. पडदा काळाच होता. "उजेड कमी केलाय, सर. बॅटरी वाचते."

त्यात एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः दृष्टिहीन. प्रोग्राम पूर्ण मोफत. वेबपानावर एच दाबलं की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो, के दाबलं की पुढच्या दुव्यावर, बी दाबलं की पुढच्या बटणावर. फार बडबड झाली की नुसतं कंट्रोल दाबायचं, गप्प होतो. हा मुलगा तो इतक्या वेगात ऐकतो की मला एक शब्द कळला नाही. मराठी आणि उर्दूही त्यातून ऐकता येतं, यंत्राच्या कोरड्या आवाजात का होईना.

मी म्हणालो, "तुला किती शॉर्टकट पाठ आहेत!"

तो म्हणाला, "तुमच्यासाठी ते शॉर्टकट, सर. मला दुसरा रस्ताच नाही."

मी गप्प झालो. आपण शॉर्टकट म्हणतो त्यात थोडी चोरवाट, थोडी हुशारी असा सूर असतो. खरं तर हा रस्ता माऊसच्या आधीचा. डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस जगाला दाखवला तो डिसेंबर १९६८ मध्ये, आणि लोकांच्या टेबलांवर तो यायला पुढे दीड-दोन दशकं लागली. १९८५ मध्ये विंडोज आलं तेव्हाही कित्येकांकडे माऊस नव्हता, म्हणून कीबोर्डवरूनही काम चालेल अशी सोय त्यात ठेवली होती. ती सोय आजही टिकून आहे. आपण तिच्याकडे पाहत नाही, एवढंच.

निघताना मी धीर करून २००९ ची गोष्ट काढली. माफी मागायची होती, शब्द नीट जुळेनात. त्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. "उस वक्त आपको भी कहां आता था, सर." आणि हसला. मीही हसलो. पण वाटेत मूर्तिजापूरपर्यंत तेच वाक्य कानात होतं. त्यानं माफ केलं होतं की नुसतं खरं ते सांगितलं होतं, मला अजून कळलेलं नाही. मला येत नव्हतं हे खरंच. पण मी त्याला "मला येत नाही" असं म्हणालो नव्हतो. "तुला दिसणार नाही" असं म्हणालो होतो.

आता आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत नवीन वर्गाचे पहिले चार तास माऊस कपाटात असतात. मुलं आधी कुरकुरतात, मग त्यांची शर्यत लागते. विंडोज-ई दाबलं की फाइली, विंडोज-डी दाबलं की सगळं बाजूला होऊन डेस्कटॉप, एफ-२ दाबलं की फाइलचं नाव बदलायचं, विंडोज-एल दाबलं की कुलूप. भिंतीवर दोन तक्ते लावलेत, एक उर्दूत, एक मराठीत. माझंही काम हलकं झालं. एकाच प्रश्नपत्रिकेत मराठी आणि उर्दू लिहायची तर पूर्वी मी खालच्या कोपऱ्यातली भाषेची खूण बाणानं शोधत बसायचो. आता विंडोज आणि स्पेसबार, की भाषा बदलते. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू करायला कंट्रोल आणि उजवीकडचं शिफ्ट, मराठीवर परत यायला कंट्रोल आणि डावीकडचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सर्वसमावेशक शिक्षण हा हक्क म्हणून लिहिला आहे. कायदा कागदावर असतो, वर्गात मात्र मास्तरचं एक वाक्य पुरतं, इकडे किंवा तिकडे.

यंदा सातवीत एक मुलगी आली आहे. जाड भिंगाचा चष्मा, तरी पुस्तक नाकाला टेकवून वाचते. पहिल्या दिवशी ती कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी थांबली आणि स्वतःच म्हणाली, "सर, मैं क्लास में बैठूं?" कुणीतरी तिला आधी हे शिकवलं असणार. मी तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं, तिची दोन बोटं विंडोजच्या बटणावर आणि अधिकच्या चिन्हावर ठेवली. दाब म्हणालो. पडद्यावरचं भिंग उघडलं, अक्षरं मोठी झाली. तिनं आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा.

त्या संध्याकाळी मी अकोल्याला फोन केला. तो म्हणाला, "तिला कमी करायचंही शिकवा, सर. विंडोज आणि वजा."