‘एमआर’ : दोन अक्षरांची नोंद

पन्नाशीनंतर, कोर्टाचे काम आटोपून, सुलतान बाजारातील घरी आम्ही एका महाविद्यालयाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून एचटीएमएल शिकू लागलो. तेव्हा कळले, की देवनागरी ही केवळ लिपी. भाषा वेगळी सांगावी लागते. पानाच्या पहिल्याच खुणेत ‘लँग’पुढे मराठीसाठी ‘एमआर’ लिहायचे. ते नसेल तर अंधांसाठीचे वाचनयंत्र मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू शकते. ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे उमटू शकतात.

जनगणनेत मातृभाषा मराठीच नोंदवा, असे आम्ही गावोगाव सांगत आलो. आमच्याच जुन्या पानांवर मात्र भाषा इंग्रजी नोंदलेली निघाली!

निजामाच्या राज्यात तेलुगू भाषकांनी १९०१ साली स्थापिलेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम याच बाजारात उभे आहे. आपल्या भाषेची नोंद आपणच करायची असते. सीमाभागातील बांधवांनीही आपली पाने एकवार तपासावीत.