चौघांत पाच प्याले

मराठी मध्यमवर्गीय माणसाची दारूशी पहिली भेट बहुधा पुस्तकात होते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तो प्रयोग पाहायला गडकरी मात्र राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते गेले. तेव्हापासून आपल्याकडे प्याला म्हटले की तो सुधाकराच्याच हातात दिसतो. मी जतच्या कॉलेजात मराठी शिकवतो. हे नाटक वर्गात घेताना तळीरामाचे नाव निघाले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. सिंधूपाशी आलो की तीच मुले गप्प होतात. गप्प होण्याचे कारण वाङ्मयीन नसते. एखादी सिंधू त्यांच्या गल्लीतच राहत असते.

तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते दारूचे कौतुक नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण गंमत पाहा. ज्या घरात प्याला शब्द निघाला की आई मुलांना आत पाठवीत असे, त्याच घरातल्या फळीवर द्राक्षासवाची बाटली असे. आमची आजी जेवणानंतर दोन चमचे आसव तितक्याच पाण्यात घालून घ्यायची आणि उरलेला थेंब माझ्या जिभेवर टेकवायची. मनुका, गोडवा आणि धायटीची फुले बरणीत तोंड बांधून मुरत ठेवायची, की आतल्या आत मद्य तयार होते. वैद्य मंडळी त्याला ‘संधान’ असा भारदस्त शब्द वापरतात. आजीला या संधानाचा पत्ता नव्हता आणि कोणी तो तिला दिलाही नाही.

आपले पूर्वज याबाबतीत जास्त मोकळे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याचे प्रकार नावानिशी दिले आहेत : मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु. त्यांतले मधु म्हणजे द्राक्षाच्या रसाचे मद्य; आणि ते ज्या प्रदेशातून येई त्यावरून त्याला कापिशायन किंवा हारहूरक म्हणत. बाटलीवर गावाचे नाव घालण्याची फ्रेंचांची ऐट आपल्याला नवी नव्हती म्हणायची! इतक्या जुन्या नोंदी असूनही जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा वाइन ही दारू की शेतमाल यावर केवढे रण माजले. मी त्या वेळी दोन्ही बाजूंचे अग्रलेख मन लावून वाचले. त्यांत द्राक्ष पिकवणाऱ्याचे नाव सगळ्यांनी घेतले होते. त्याच्या जिभेबद्दल कोणी काही विचारले नव्हते.

ती जीभ माझ्या माहितीची आहे. आप्पा आणि मी जतच्या शाळेत एका बाकावर बसलो. त्याच बाकावर कडेला बसणारा एक जण आता मिरजेत डॉक्टर आहे आणि दुसरा जतच्या कोर्टात वकील. आप्पा शेतीच करायचा होता. ती त्याने केली. जतला बाहेरचे लोक दुष्काळी तालुका म्हणून ओळखतात, आणि ते खोटे नाही. पण ज्या मातीत पाऊस कमी आणि ऊन भरपूर, त्या मातीत द्राक्ष गोड होते आणि बेदाणा झटपट वाळतो. म्हैसाळ योजनेचे पाणी जिथे पोचले तिथे पोचले. पोचायच्या आधी आप्पाने टँकर विकत घेऊन बाग जगवली आहे. जतहून कवठेमहांकाळमार्गे मिरजेला निघालात तर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीची लांबच लांब शेड लागतात. आत रॅकवर द्राक्षे वाळत असतात. चार किलो द्राक्षे वाळली की एक किलो बेदाणा. याच शेडच्या जोरावर सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

गेल्या मे महिन्यात, बेदाण्याचे सौदे आटोपल्यावर, याच रस्त्याने आम्ही तिघे मिरजेला गेलो. डॉक्टरला चाळिशीनंतर वाइनचा नाद लागला आहे. पिण्याचा म्हणण्यापेक्षा जमवण्याचा. मिरज-सांगली रस्त्यावरच्या एका हॉटेलात त्याने आमच्यासाठी टेबल सांगून ठेवले होते. मी घरी सांगून गेलो होतो. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “चव घ्या, चटक नको.” मराठीच्या प्राध्यापकाशी संसार केल्याचा एवढा तरी परिणाम व्हायचाच.

वकिलाने बसल्या बसल्या परवान्याचा मुद्दा काढला. १९४९ चा दारूबंदी अधिनियम महाराष्ट्रात अजून लागू आहे, आणि कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना लागतो, हे त्याने आम्हांला मसाला पापड येईपर्यंत समजावून सांगितले. मॅनेजरने निमूटपणे एका दिवसाच्या परवान्यांचे पुस्तक आणून ठेवले. “सुधाकरसुद्धा वकीलच होता हं,” मी म्हटले. डॉक्टरने पाच छोट्या प्याल्यांची रांग प्रत्येकापुढे मांडली आणि म्हणाला, “त्याने एकच घेतला म्हणून बिघडलं. आपण पाच घेऊ, पण एकेक घोट.”

पहिली पांढरी, शेनँ ब्लाँ नावाची, नाशिककडची. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. हलवायचा, हुंगायचा, मग घोट. डॉक्टर हे सारे इतक्या गंभीरपणे करीत होता, की संध्या करणाऱ्या त्याच्या आजोबांची मला आठवण झाली. त्या वाइनला पेरूचा वास आहे असे माझे मत पडले आणि पांढऱ्या रश्श्याबरोबर ती छान लागली. तांबड्या रश्श्यापुढे मात्र तिचे काही चालेना. त्यानंतर आली जांभळाची वाइन. तिने जीभ थेट शाळेच्या मैदानावर नेली. वकिलाने जीभ बाहेर काढून रंग चढला का ते चमच्यात पाहिले. तिसरे मधाचे पेय. इंग्रजीत त्याला मीड म्हणतात, आणि हा मीड आपल्या ‘मधु’चाच भाऊबंद आहे, एका कुळातला. हे मी सांगू लागलो तेव्हा वकील म्हणाला, “मास्तर, तास संपला.”

खरी पंचाईत शब्दांची होती. डॉक्टर प्रत्येक प्याल्यानंतर माझ्याकडे पाही. “तू मराठीचा ना? सांग, कशी आहे?” मला सुचणारे शब्द लोणच्याचे, ताकाचे आणि आंब्याचे. आंबूस, तुरट, खारट, मुरलेले, उतरलेले. डॉक्टरच्या पुस्तकात ओक, चामडे, तंबाखू आणि ओले दगड असे शब्द होते. ओला दगड चाखलेला मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. वास मात्र आपल्याला ठाऊक आहे, पहिल्या पावसाचा.

चौथी बाटली डॉक्टरने उघडली आणि तिचे नाव जरा हळू वाचले. शिराझ.

आप्पाने मान वर केली. टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही, कारण हे नाव आम्हां चौघांनाही ठाऊक होते. राज्य सरकारने २००१ साली वाइनसाठी वेगळे धोरण आणले, पलूसला वाइन पार्क झाले, आणि आमच्या भागात वाइनच्या द्राक्षाचा बोलबाला सुरू झाला. २००६ साली आप्पाने दीड एकर शिराझ लावली. नाव इराणच्या शहराचे, कूळ फ्रान्सचे, आणि माती जतची! एका वायनरीशी करार होता. घरातून विरोध झाला. आप्पाचे वडील माळकरी. ते दोन दिवस जेवले नाहीत, मग स्वतःच म्हणाले, “आपण द्राक्ष विकायचं. पुढचं त्यांचं त्यांच्यापाशी.” आणि रोपे लावायला तेच पुढे झाले.

दोन हंगाम पैसे वेळेवर आले. मग २००८ ची मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामात माल न्यायला कोणी आले नाही. खाण्याचे द्राक्ष असते तर बाजारात गेले असते; बाजार पडला तर शेडवर टाकून बेदाणा झाला असता. त्याला दुसरे गिऱ्हाईक असते. वाइनच्या द्राक्षाला नसते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पाटी भरून दारात ठेवली तर पोरे चार मणी खाऊन बिया थुंकून निघून जातात. घड वेलीवर सुकले. २०१० साली बापलेकांनी कुऱ्हाडी घेऊन ती बाग तोडली. त्या आठवड्यात मी त्याच्या शेतावर गेलो होतो. खुंटांचा ढीग बांधावर पडला होता आणि दोघांपैकी कोणी त्याकडे पाहत नव्हते. पुढे तिथेच बेदाण्याची बाग आली. आजही तीच आहे.

या सगळ्यात आप्पाने शिराझचा एक थेंब चाखला नव्हता. मालाने भरलेली गाडी गेटातून आत जायची, पावती बाहेर यायची, एवढाच त्याचा वाइनशी संबंध.

त्याने पेला दांडीला धरला नाही, मुठीत धरला. हुंगला. एक मोठा घोट घेतला आणि गिळायच्या आधी चावला; खरोखर चावला, दातांनी. डॉक्टर काही सांगणार होता, तो थांबला. द्राक्षाची काढणी जवळ आली की बागायतदार असाच मणी तोंडात घालतो. गर गिळून साल चावतो, मग बी फोडतो. बी कच्चे असेल तर कडू लागते, पिकले असेल तर कुरकुरते.

“बी पिकलं होतं,” आप्पा म्हणाला. “काढणी घाईनं केलेली न्हाई. साल बी चांगली आलीया.” मग अजून थोडे चावून, “मागनं मिरी येतीया.”

डॉक्टरने आपले पुस्तक उघडले. शिराझ : काळी मिरी. त्याने ते पान आप्पापुढे धरले. आप्पाने पाहिले न पाहिल्यासारखे केले.

“कितीची ही?”

“हजाराच्या आतबाहेर.”

“एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागत आसंल,” तो हिशेब करीत म्हणाला. त्या काळी त्याला किलोमागे तीस-पस्तीस रुपये मिळत. मला वाटले आता तो रागाने काही बोलेल. वकिलालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने कराराच्या कागदाबद्दल काहीतरी पुटपुटले. आप्पाने पेला तळाशी आणला, खाली ठेवला आणि म्हणाला, “चांगली हुती की रं आपली द्राक्षं!”

वास्तविक त्या बाटलीत त्याचा एकही मणी नव्हता. ती बाटली अलीकडची, द्राक्षे दुसऱ्या जिल्ह्यातली. हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होते. तरी आम्ही तिघांनीही माना हलवल्या.

पाचवी अर्धी बाटली इटलीची होती. तिथे काही भागांत द्राक्षे तोडून रॅकवर पसरतात, सुकवतात आणि मग त्यांचा रस काढतात. तिला पॅसितो म्हणतात. रंग जुन्या मधाचा. आप्पाने नुसता वास घेतला आणि मोठ्याने हसला. “अरं, ही तर शेड! आमच्या शेडचं दार उघडल्यावर येतो त्यो वास!” नंतरचा अर्धा तास तो डॉक्टरला प्रश्न विचारीत होता. किती दिवस वाळवतात? सावलीत की उन्हात? डिपिंग तेल लावतात का? गंधकाची धुरी देतात का? डॉक्टरला यांतले निम्मेही माहीत नव्हते. ग्रीक कवी हेसिओडने सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वी द्राक्षे दहा दिवस उन्हात नि पाच दिवस सावलीत ठेवून मग रस भरायला सांगितले आहे, एवढी माझी भर. “पंधरा दिवस,” आप्पा म्हणाला. “आमचंबी तेवढंच.” जेवण थंड झाले ते झालेच.

त्यानंतर आठवड्याने मी काही कामासाठी आप्पाच्या वस्तीवर गेलो. तो बाजारला गेला होता. वडील ओसरीवर बसले होते, गळ्यात तुळशीची माळ. पाणी दिले, पावसाची चौकशी केली. मग आत कोणी ऐकत नाही असे पाहून हळूच म्हणाले, “मास्तर, पोरगं म्हणालं तुम्ही त्या द्राक्षाची घेतलीसा. ग्वाड हुती का वो?”

“नाही बाबा, तुरट होती.”

आमच्या तालुक्यात मराठी-कानडी एकाच ओसरीवर नांदते. बाबांच्या घरात जुने शब्द अजून कानडीच आहेत.

“ओगरु,” ते म्हणाले आणि जिभेने टाळूवर काहीतरी चाचपले. “व्हय. सालच तशी हुती तिची. म्या रोज खाऊन बघत हुतो.”