दुल्हाभाईंची मस्टँग

“मुलगा गॅरेजला जातो” हे वाक्य आपल्या घरांत कोणत्या आवाजात उच्चारलं जातं, ते आम्हा नवरा-बायकोला चांगलं ठाऊक आहे. आम्ही दोघंही शिक्षक. पालकसभेला आलेली आई धाकट्याची इयत्ता, तुकडी, मार्क सगळं ठसक्यात सांगते आणि थोरल्याचं विचारलं की दुपट्टा सावरत म्हणते, “तो काय, गॅरेजला जातो.” गाडी बंद पडली की आपण त्याच थोरल्याला शोधत जातो, ही गोष्ट वेगळी.

गेल्या मेच्या सुट्टीत आम्ही आपाकडे अमेरिकेत गेलो, तर तिथंही हेच वाक्य त्याच आवाजात ऐकायला मिळालं. आपा आणि दुल्हाभाई मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नमध्ये राहतात. हे फोर्ड कंपनीचं गाव. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हापासून जगभरचा कामगार इकडे येत राहिला. लेबनॉनचे आले, येमेनचे आले. आज तिथं दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत आणि हलाल गोश्तासाठी कुणाला विचारावं लागत नाही. आमचे दुल्हाभाई मूळचे चिपळूण तालुक्यातले. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं. वेल्डिंग बरोबर आहे की नाही, एवढंच पाहायचं. बरोबर असेल तर नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची, नसेल तर माल परत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, आमच्या भाच्याने, इंजिनिअरिंगचं शिक्षण दोन वर्षांनी सोडलं आणि कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग शिकायला लागला. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं सलाम-दुआपुरतं उरलं होतं. आपा दोघांच्या मध्ये टपालासारखी फिरत होती.

आणि गॅरेजमध्ये उभी होती मस्टँग. १९६७ सालची, दुल्हाभाईंनी पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली. फोर्डने मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आणली. लांब बॉनेट, आखूड डिकी, परवडेल अशी किंमत. अमेरिकेत जुन्या दांडग्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मस्टँग मसल कार की तिची लहान बहीण पोनी कार, यावर तिथले शौकीन रात्र घालवू शकतात. आम्ही त्या वादात पडलो नाही. दुल्हाभाईंच्या गाडीचा क्रमांक ७एफ०१सी असा सुरू होतो आणि तो त्यांनी आम्हाला अक्षर लावून वाचून दाखवला. ७ म्हणजे १९६७, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे टणक छपराची बॉडी, सी म्हणजे २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन. “घरापासून चार मैलांवर जन्मली आहे ही,” ते म्हणाले. मुलाविषयी त्यांनी असं काही सांगितल्याचं आम्हाला आठवत नाही.

गाडीचा मागचा अ‍ॅक्सल थकला होता. वाचक भगिनींनी इथं पान उलटू नये, गोष्ट सोपी आहे. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून, ड्राइव्हशाफ्टमधून, मागे येते. तिथं आडव्या नळीच्या मध्यभागी एक भोपळ्यासारखी पेटी असते. तिच्यात लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राउनला फिरवतं आणि दोन्ही बाजूंच्या शाफ्टमधून मागची चाकं फिरतात. त्या काळी व्ही-८ मस्टँगला ज्या अ‍ॅक्सलचा क्राउन आठ इंचांचा असे, तोच इथं होता. साठ वर्षांत दाते झिजले, बेअरिंग ओरडू लागलं. शिवाय त्याचं डिफरन्शियल साधं होतं. एक चाक ओल्या पानांवर आलं की तेच गरागरा फिरे आणि दुसरं ढिम्म. ब्रेक जुने ड्रमचे. आपाने त्या गाडीत बसणं केव्हाच सोडलं होतं.

भाच्याचं म्हणणं असं, की आहे तोच दुरुस्त करायला नवीन क्राउन-पिनियन, बेअरिंग, चांगलं डिफरन्शियल आणि डिस्क ब्रेक घ्यावे लागतील. त्यापेक्षा भंगारातून फोर्ड एक्सप्लोरर या मोठ्या गाडीचा अ‍ॅक्सल आणावा. त्याचा क्राउन ८.८ इंचांचा, शाफ्टच्या टोकाला २८ ऐवजी ३१ दाते, आणि १९९५ नंतरच्या गाड्यांना मागे डिस्क ब्रेक. चाकाचे पाच बोल्ट त्याच मापाच्या वर्तुळावर, साडेचार इंचांच्या. आणि १९६७ च्या मस्टँगचा अ‍ॅक्सल रुंदीला सव्वा एकोणसाठ इंच, एक्सप्लोररचा साडेएकोणसाठ. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पाव इंचाचा फरक. त्याआधीच्या मस्टँगला हाच अ‍ॅक्सल कापून अरुंद करावा लागतो, याला नाही.

दुल्हाभाईंची हरकत वेगळीच होती. “हा इसराफ आहे,” ते आपाला म्हणाले, मुलगा समोर बसलेला असताना. अस्सल गाडीला किंमत असते, बदललेल्या गाडीला कमी. त्यात त्या नव्या अ‍ॅक्सलचे शाफ्ट आतल्या बाजूला सी आकाराच्या छोट्या क्लिपांनी अडकवलेले असतात. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर सरकू शकतो. जुन्या आठ इंचीमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला पट्टीने धरलेला असतो, तिथं ती भीती नाही. हे त्यांचं म्हणणं खरं होतं. ड्रॅग रेसच्या वेगवान गाड्यांत सी-क्लिपला पर्याय बसवतात तो उगाच नाही. आम्हाला तर असंही वाटतं, की दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला आठ इंची अ‍ॅक्सल पुरेसा होता. नवा अ‍ॅक्सल गरजेपेक्षा दणकट होता, पण दुरुस्तीपेक्षा स्वस्त होता आणि त्याला ब्रेक चांगले होते. शर्यतीला न नेणाऱ्या गाडीसाठी भाच्याचा हिशेब आम्हाला पटला.

भाच्याने शेवटी आईमार्फत नव्हे, थेट सांगितलं. “अब्बा, गाडीला एक कट मारणार नाही. जुना अ‍ॅक्सल जसाच्या तसा ठेवू. नको वाटला तर पुन्हा बसवता येईल.”

“आणि पाट्यांच्या बैठका कोण वेल्ड करणार?”

“मी.”

दुल्हाभाई उठून आत गेले. खरी अडचण इथं होती. मस्टँगचा मागचा भाग दोन कमानपाट्यांवर बसतो. एक्सप्लोररच्या नळीवरच्या बैठका तिच्या स्वतःच्या पाट्यांच्या जागी असतात, त्या ग्राइंडरने काढून मस्टँगच्या मापाच्या नव्या वेल्ड कराव्या लागतात. गाडीचं निम्मं वजन आणि घरातली माणसं त्या चार-सहा इंचांच्या वेल्डवर बसणार. अ‍ॅक्सलचा प्रश्न मिटला होता, मुलाच्या हाताचा मिटला नव्हता.

भंगारच्या यार्डात आम्हीही गेलो. मैदानभर गाड्या रांगेने लोखंडी रिंगांवर उभ्या, आपली हत्यारं आपण न्यायची आणि हवा तो भाग आपणच खोलायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी असते, तीत अ‍ॅक्सलचा संकेत. भाचा ‘डी४’ शोधत होता. त्याचा अर्थ ३.७३ गुणोत्तर आणि दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल. अकरावी गाडी मिळाली. गंजलेले बोल्ट सुटायला अडीच तास लागले. ते ओझं पिकअपमध्ये चढवताना आमच्या कमरेने काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर दुल्हाभाई न सांगता गॅरेजमध्ये आले. त्यांनी नळीच्या जाडीचे दोन लोखंडी तुकडे मुलापुढे ठेवले आणि “जोड” एवढंच म्हणाले. त्याने जोडले. वरून वेल्ड देखणा होता, नाण्यांची चळत आडवी पाडावी तशा सारख्या लहरी. दुल्हाभाईंनी तो तुकडा शिकंज्यात धरून हॅकसॉने मधोमध कापला, कापलेली बाजू घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर सौम्य आम्ल लावलं. थोड्या वेळाने वेल्डची सीमा पोलादावर स्पष्ट उमटली. एका कोपऱ्यात केसाएवढी काळी फट होती. तिथं वेल्ड नुसता वर बसला होता, मूळ धातूत शिरला नव्हता. त्यांनी बोट ठेवून दाखवलं आणि गेले.

आपा आम्हाला म्हणाली, “पोराचा अपमान केला.” आम्हाला तसं वाटलं नाही. शाळेत वही तपासताना ज्या मुलाची आशा सोडलेली असते त्याच्या पानावर नुसती बरोबरची खूण पडते. चूक कुठं आहे ते हात दुखेपर्यंत लिहून दाखवायचं, ते ज्याच्याकडून काही होईल असं वाटतं त्याच्यासाठी.

भाच्याने करंट वाढवला, धातू अधिक घासला, बंदुकीचा कोन बदलला. दुसरा तुकडा कापला, फट लहान. तिसरा चांगला. चौथा दुल्हाभाईंनी कापून, चष्मा कपाळावर सारून, खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “आता नळीवर कर. एका दमात नको.”

तेही महत्त्वाचं आहे. नळीवर एकाच जागी उष्णता साचली तर नळी वाकते आणि मग शाफ्ट, बेअरिंग, सील सगळंच तिरकं चालतं. म्हणून इंचभर वेल्ड डाव्या बाजूला, मग इंचभर उजव्या, मध्ये थंड होऊ द्यायचं. त्याआधी कोन ठरवायचा. गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर ठेवून गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा उतार मोजला. पिनियन त्याला समांतर ठेवून मग दोन-तीन अंश खाली झुकवला, कारण जोर आला की पाटे पिळवटतात आणि पिनियन नाक वर करतो. बैठकांना आधी नुसते टाके मारले, पुन्हा मोजलं, मग अ‍ॅक्सल खाली काढून पूर्ण वेल्ड. कोन मोजायला बाप वाकलेला आणि टाके मारायला मुलगा, असे ते दोघं गाडीखाली दीड तास होते. ते एकमेकांशी जे बोलले ते सगळं अंशांत होतं.

वेल्ड थंड झाल्यावर दुल्हाभाईंनी त्यावर लाल द्राव फवारला, दहा मिनिटांनी पुसला आणि पांढरी पावडर मारली. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. आपा जिन्यावरून पाहत होती. पांढरं पांढरंच राहिलं.

बाकीची कामं लांबली, पण त्यात सांगण्यासारखं कमी. ड्राइव्हशाफ्ट वर्कशॉपमधून आखूड करून आणि तोल साधून आणला. ब्रेकच्या नळीत दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घातला, नाहीतर मागची डिस्क आधी आवळून गाडी घसरली असती. हँडब्रेकच्या केबलने दोन दिवस खाल्ले.

पहिल्या फेरीला भाचा एकटाच गेला आणि परत येऊन म्हणाला, “मामू, मीटर खोटं बोलतंय.” जुन्या गाडीत वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो, चाकाकडून नाही. पूर्वी चाकाच्या एका फेरीला ड्राइव्हशाफ्टचे सुमारे २.८० वळसे होत, आता ३.७३. मीटरला वाटतं गाडी खऱ्या वेगाच्या चार-तृतीयांश वेगाने धावते आहे. खरा वेग ताशी साठ मैल असेल तेव्हा काटा ऐंशीवर. गुणोत्तर-प्रमाणाचं इतकं सरळ उदाहरण आम्ही शाळेत कधी पाहिलं नाही, गणिताच्या सरांसाठी वहीत उतरवून आणलं. गिअरबॉक्समधलं मीटरचं छोटं चाक बदलल्यावर काटा सुधारला. इंजिनाचा गोंगाट मात्र सुधारला नाही. सव्वीस इंची चाक ताशी साठ मैलांना मिनिटाला साधारण ७७५ वेळा फिरतं. त्याला जुन्या अ‍ॅक्सलवर इंजिनाचे २१७० फेरे पुरत, आता २८९० लागतात. सिग्नलवरून गाडी उसळी घेते, पण हायवेवर पेट्रोल पिते. एवढं मोठं गुणोत्तर घ्यायची गरज नव्हती असं आमचं मत, आणि दुल्हाभाईंचंही. भाचा ऐकत नाही.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशी गाडीचे शंभर मैल पुरे झाले होते. दुल्हाभाईंनी टॉर्क रेंच मागवून घेतला, गाडीखाली सरकले आणि पाट्यांच्या यू-बोल्टचे आठही नट एकेक करून पुन्हा आवळून पाहिले. मग खिशातून जुना रंगाचा पेन काढला आणि प्रत्येक नटावर पिवळी रेघ मारली. बाहेर येऊन हात पुसत आपाला म्हणाले, “बस, चक्कर मारून येऊ.” चावी त्यांनी मुलाकडे फेकली.