वहिनी, ताट एकच ठेवा

सौ. वहिनी,


तुमचं पत्र पोहोचलं. ताईच्या मुलाने स्वतःच्या एचआयव्हीबद्दल विश्वासाने फक्त तुम्हाला सांगितलं, आणि तेव्हापासून त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा. टॉवेल डेटॉलमध्ये भिजवलेला. त्याच्यामागून संडासात फिनेल. घरात दोन वर्षांची नात आहे, तिच्यासाठी तुमचा जीव कासावीस होतो, हे कळतं मला.

पण वहिनी, हा विषाणू ताटावर टिकत नाही. शरीराबाहेर तो वाढत नाही, आणि रक्त वाळलं की झपाट्याने निकामी होतो. उष्टं, घाम, एका माठातलं पाणी, डास, यातून तो कुणाला लागत नाही. नातीची पापी ताईच्या मुलाने खुशाल घ्यावी.

१९८६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ३९ रुग्णांच्या घरातली १०१ माणसं तपासली. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. भांडी, संडास, अंथरूण सारं सामाईक; काही घरांत तर रेझर आणि टूथब्रशसुद्धा. लागण एकाच लहान मुलाला आढळली, आणि तीही बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेली.

आणि आपला मुलगा एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या नेमाने घेतोय. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की नवराबायकोच्या संबंधांतूनही तो जोडीदाराला जात नाही. मग ताटवाटीची भीती कशाला? जपायचं ते त्या गोळ्यांना. एकही चुकू देऊ नका, सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात.

रेझर आणि टूथब्रश तेवढे प्रत्येकाचे वेगळे असू द्या, त्यांना रक्त लागू शकतं. हे घरातल्या सगळ्यांसाठीच. त्याला कापलं तर हातमोजा घालून पट्टी बांधा, सांडलेलं रक्त पुसून जागा ब्लीचने धुवा. कधी त्याचं ताजं रक्त तुमच्या उघड्या जखमेत गेलंच, तर साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं.

कामाच्या मावशींनी विचारलं म्हणता, यांचं ताट वेगळं का? त्या ताटाने कुणाचा रोग अडवला नाही, पण मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र गल्लीत जायला निघाली. आज रात्रीपासून त्याला सगळ्यांच्या पंगतीत वाढा. आणि दादाला काही सांगायचं असेल, तर आधी मुलाला विचारा.

तुमची,
नणंद