वादळाच्या आदल्या दिवशी

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ आमचे छोटेसे गाव आहे. पुढे अरबी समुद्र, मागे डोंगर आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. आमचे घर कौलारू आहे. घरामागच्या गोठ्यात तेव्हा एक म्हैस, तिचे रेडकू आणि चार बकऱ्या होत्या. घरात कोंबड्याही होत्या.

२ जून २०२० चा दिवस होता. आमची आगोटीची कामे चालली होती. पावसाळ्यापूर्वी तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात भरून ठेवतात, त्याला कोकणात आगोट म्हणतात. एवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून सूचना ऐकू आली, "उद्या दुपारी चक्रीवादळ येणार आहे. सर्वांनी सावध राहावे." वादळाचे नाव होते 'निसर्ग'.

अब्बांनी लगेच कामे वाटून दिली. भाईजान शिडी लावून छपरावर चढला. त्याने सैल कौले नीट बसवली आणि त्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. अब्बांनी माडावरच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवून घेतले. वाऱ्याने उडालेला नारळ तोफेच्या गोळ्यासारखा लागतो, असे ते म्हणाले. अम्मीने हंडे-कळश्या पाण्याने भरल्या. मी कुराणशरीफ, रेशनकार्ड, सातबारा आणि दादीची औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली.

गोठ्याचा प्रश्न मात्र सुटेना. गोठ्यावर जुना फणस झुकलेला होता. अब्बा म्हणाले, "सगळी जनावरे इथून हलवू आणि त्यांची दावी सोडू."

दादीला हे पटले नाही. "बेटा, मोकळे जनावर वाऱ्याने बावरेल. समुद्राकडे पळाले तर? बांधूनच ठेव," ती म्हणाली.

दादीची काळजी खरी होती. लॉकडाउनमुळे अब्बांची रिक्षा बंद होती. घरखर्च म्हशीच्या दुधावर चालत होता.

अब्बा शांतपणे म्हणाले, "अम्मा, झाड पडले तर बांधलेल्या जनावराला हलताही येत नाही. मोकळे जनावर आपला जीव वाचवते. आणि रेडकू जवळ असले की म्हैस लांब जात नाही."

दादी थोडा वेळ गप्प बसली. मग ती उठली आणि आमच्याबरोबर निघाली.

बकऱ्यांना आम्ही पडवीत घेतले. कोंबड्या स्वयंपाकघरात डालग्याखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस आणि रेडकू यांना डोंगराच्या पायथ्याशी नेले. तिथे आमचे उंचावरचे शेत आहे. जवळ झाड नाही, विजेचा खांब नाही. एका बाजूला दगडांचा गडगा आहे. त्याच्या आडोशाला पेंढा टाकला. म्हशीच्या गळ्यातले दावे दादीने स्वतःच्या हाताने सोडले.

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. कौले पत्त्यांसारखी उडू लागली. आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो होतो. मागच्या बाजूला काहीतरी मोठ्याने कडाडले. थोड्या वेळाने वारा मंदावला, तशी दादी दाराकडे निघाली. अब्बांनी तिला अडवले. ते म्हणाले, "वादळाच्या मध्यभागी वारा पडतो. त्याला वादळाचा डोळा म्हणतात. डोळा पुढे सरकला की उलट्या दिशेने पुन्हा वारा सुटतो. अजून बाहेर जायचे नाही."

संध्याकाळी आम्ही बाहेर आलो. फणस गोठ्यावर आडवा पडला होता. म्हशीचा खुंटा त्याच्या बुंध्याखाली चिरडला होता. कोणी काही बोलले नाही. आम्ही शेताकडे धावलो.

म्हैस गडग्याला टेकून उभी होती. रेडकू तिच्या पोटाशी होते. दोघेही भिजून थरथरत होते. दादीने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अल्लाहचा शुक्र आहे."

आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी मोडल्या होत्या. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. अब्बा बराच वेळ वाडीत एकटेच उभे होते. गावात कितीतरी दिवस वीज नव्हती. पण त्या रात्री अम्मीने म्हशीचे दूध काढले. जेमतेम तांब्याभर निघाले. त्याचा चहा आम्ही कंदिलाच्या उजेडात प्यायलो. शेजारच्या घराचे छप्पर उडाले होते. तिथली मुलेही आमच्याकडेच होती.

पावसात आम्ही वाडीत पोफळीची नवी रोपे लावली. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाची सूचना आली. अब्बा शिडी आणायला गेले. ते परत येईपर्यंत दादी नव्या गोठ्यात पोहोचली होती आणि एकेक दावे सोडत होती.