खोताच्या वाडींतील नाताळाचें ताट

जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरील गलबला मागें टाकून गिरगांवच्या खोताच्या वाडींत शिरलें, कीं आपण कोंकणांतील एखाद्या आळींत आलों असें वाटूं लागतें. उतरत्या कौलांचीं दुमजली घरें, लाकडी कठड्यांचे सज्जे, बाहेरून चढणारे जिने, आणि समोरून कोणी आलें तर अंग चोरावें एवढीच वाट. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस दिले, तेव्हांपासून ही वस्ती वाढली.

'ईस्ट इंडियन' या नांवावरून ही मंडळी परदेशची असावी, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ते मुंबई, साष्टी व वसई या भागांतील मूळचेच रहिवासी. पूर्वजांनीं पोर्तुगीज अमलांत धर्म बदलला, पण घरांतील बोली मराठीच राहिली. गोवें व मंगळूर येथून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, हें सरकारास कळावें म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, त्यांनीं हें नांव घेतलें.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत येथें दारोदार कागदी ताऱ्याचे कंदील लागतात आणि तळणीचा वास सुटतो. नाताळाचें ताट आपल्या फराळाच्या ताटाहून फारसें दूरचें नाहीं. त्यांतील नेवरी म्हणजे आपली करंजीच. कुलकुल हें शंकरपाळ्याचें मावसभावंड: मैदा नारळाच्या दुधांत घट्ट भिजवावा, त्याची लहान गोळी नव्या फणीच्या पाठीवर दाबून गुंडाळावी, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात, मग तळून साखरेच्या पाकांत घोळावी. पेराड म्हणजे पेरूची वडी. शिजलेल्या पेरूचा गर गाळून, साधारण बरोबरीची साखर व थोडा लिंबाचा रस घालून, मिश्रण कडा सोडीपर्यंत ढवळावें लागतें. दूध, साखर व काजूची पूड आटवून साच्यांत पाडलेलीं पांढरीं फुलें असतात. बदामाचें मार्झिपान आणि दारूंत मुरविलेल्या मनुकांचा केक असतो.

ताट मांडण्याचीही रीत आहे. कोरडे जिन्नस कडेनें, पाकाचे व चिकट जिन्नस मध्यें कागदी वाटींत, आणि वर विणलेला रुमाल. पेराड कुलकुलाला लागला, तर कुलकुल मऊ पडतो.

आतां मुख्य अडचण सांगतों. मार्झिपानांत अंड्याचा पांढरा बलक, केकांत अंडें व दारू. आमच्यासारख्या घरांनीं हें ताट कसें घ्यावें? ताट हंसतमुखानें घ्यावें आणि मागील दारानें मोलकरणीस देऊन टाकावें, अशीं घरें गिरगांवांत थोडीं नव्हतीं. शेजाऱ्यांस हें दिसत नसे असें नाहीं. परंतु त्यांनीं ताट बंद केलें नाहीं; ताटाची मांडणी बदलली. आमच्या शेजारच्या बाई ताट हातांत देतांना म्हणत, "मास्तर, ह्यांत अंडं नाय, आजींना बिनघोर द्या." पेराड, कुलकुल, नेवरी, दुधाचीं फुलें, एवढेंच त्यांत असे. पथ्य आमचें आणि काळजी त्यांची! आमच्या सोंवळ्यांतल्या मातोश्री दोन कुलकुल तोंडांत टाकून म्हणाल्या, "नारळाचं दूध चांगलं उतरलंय." त्या घरीं त्यानंतर ताट मागील दारानें गेलें नाहीं.

शिवाय 'परकें' म्हणावें तरी कशास? संस्कृतांतील शर्करा हा शब्द इराणांत शकर व अरबांकडे सुक्कर झाला आणि पोर्तुगालांत असूकार होऊन बसला. उलट 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांचा. काजू त्यांच्याच गलबतांतून आला. आमच्या एकादशीच्या ताटांतील बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हेही मूळचे अमेरिकेचेच. तेव्हां अंडें न खाणें हें आमचें पथ्य आम्हीं खुशाल पाळावें. पण सगळें ताटच विटाळाचें मानण्यास आधार नाहीं.

आज ही देवघेव दुसऱ्याच कारणानें आटत आहे. वाडींत एकेकाळीं सुमारें ६५ जुनीं घरें होतीं असें सांगतात. आज त्यांच्या निम्मींही उरलीं नाहींत, आणि आजूबाजूस उंच इमारती उठल्या आहेत. दादरचें पोर्तुगीज चर्च १५९६ सालीं स्थापन झालेलें. त्याच्या आजच्या इमारतीची रचना चार्ल्स कोरिया यांनीं केली. त्याच्या आसपास आमच्या ज्ञातीचीं कितीतरी घरें आहेत. पण उद्वाहनांतून वर जाणाऱ्यास शेजारच्या दारामागें कोण राहतें हें ठाऊक नसतें. दिवाळीचा फराळ लालबागच्या चिवडा गल्लींतून विकत येतो, नाताळाचे जिन्नस बेकरींतून डब्यांत येतात. जिन्नस उत्तमच असतात. परंतु "ह्यांत अंडं नाय" हें सांगणारें माणूस डब्याबरोबर येत नाहीं.

म्हणून गृहिणींस आमची विनंती आहे. येत्या नाताळांत शेजारून ताट आलें, तर आपलें पथ्य मोकळेपणानें सांगावें, लपवूं नये. आपणही दिवाळीस ताट पाठवितांना त्यांना काय चालतें तें विचारावें. आणि शेजाऱ्याचें ताट रिकामें परत करूं नये, हा आपल्या आजींचा दंडक पाळावा. लाडू नसले, तर निदान चिमूटभर शर्करा घालावी. ती दोघांच्याही घरची आहे.