शेजाऱ्यासाठी राबणारा

चांदवडला रेणुकामातेच्या नवरात्रातल्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांपुढे बॅटरीवरच्या गाड्या गरागरा फिरत असतात. त्यातली एखादी पुढे रुसून रिपेअरवाल्याच्या टेबलावर येते आणि तिचं कव्हर उघडलं जातं, तेव्हा या महाशयांची गाठ पडू शकते. मोटरीच्या दोन टोकांमध्ये सोल्डर केलेली, हरभऱ्याच्या डाळीएवढी तपकिरी चकती. दुकानात यांना कंडेन्सर म्हणतात. स्वस्तातल्या गाडीत मात्र बहुधा यांना जागाच दिलेली नसते, कारण यांच्यावाचून गाडी अगदी छान पळते.

अंगावर एकच गोंदण: १०४. दहा आणि पुढे चार शून्यं, म्हणजे एक लाख पिकोफॅरड. केवढी ही मिळकत! मायक्रोफॅरडमध्ये मोजायला गेलं तर तीच ०.१ भरते, आकडा पिकोतच मिरवण्यात यांची हौस आहे.

यांचा संसार मोटरीशी, आणि मोटर भारी बडबडी. तिच्या पोटात ब्रश फिरत्या कम्युटेटरला घासत असतात. फेरीगणिक कॉइलमधला प्रवाह तुटतो, आणि कॉइलला असं अचानक तुटणं मुळीच खपत नाही. ती ठिणगी टाकते. ठिणगीला कमी लेखू नका. हाइनरिख हर्ट्झनं १८८० च्या दशकात प्रयोगशाळेत रेडिओलहरी काढल्या त्या ठिणगीतूनच, आणि जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात दूरची घंटा वाजवली तीही ठिणगीच्याच जोरावर. म्हणजे पोराच्या हातातली गाडी हे एक बारकंसं प्रक्षेपण केंद्रच असतं. शेजारच्या ओट्यावर आजोबांनी मीडियम वेव्हवर मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावलेली असावी, बातम्यांना सुरुवात व्हावी, आणि तेवढ्यात खर्रर्र! मीडियम वेव्हचा रेडिओ लहरींच्या उंचीतलाच चढउतार ऐकतो, त्यामुळे प्रत्येक ठिणगी त्याला बातमीचाच भाग वाटते. एफएमला एवढा त्रास होत नाही.

इथे आपले महाशय कामाला येतात. बॅटरीचा सरळ प्रवाह हे मोटरीचं जेवण. त्याला ते शिवत नाहीत. ठिणगीची वेगवान थरथर मात्र तारांत पसरण्याआधी जागच्या जागी रिचवतात. गाडी पोराची, सुख आजोबांचं, आणि दोघांनाही यांचा पत्ता नसतो. रिमोटच्या गाडीत मात्र यांची गरज घरातच भासते. तिथे मोटरीची खरखर गाडीच्याच रिसीव्हरला गोंधळात पाडते, आणि डावीकडे वळवलेली गाडी नुसते झटके देत बसते. अशा ठिकाणी तिघं भाऊ मिळून येतात: एक दोन टोकांमध्ये, उरलेले दोघं एकेका टोकापासून मोटरीच्या पत्र्यापर्यंत. पत्रा आधी कानशीनं घासावा लागतो, नाहीतर सोल्डर धरतच नाही.

स्वभाव तसा सरळ. प्लस-मायनसचा भेदभाव नाही, कोणताही पाय कुठेही जोडा. पण पाय आखूड हवेत, हा हट्ट. लांब ठेवले तर तेच अँटेना होतात आणि केलेलं काम वाया जातं. सोल्डरिंग आयर्नचं टोक जास्त वेळ टेकवलं की अंगाला तडा जातो. कधी आतून शॉर्ट झालेच, तर मोटर मुकाट होते आणि सेल तापतात. रिपेअरवाला मोटरीलाच दोष देऊन ती बदलायला निघतो. आधी यांचा एक पाय सोडवून पाहावा.

परदेशात यांना मोठ्या घरी नोकरी आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेल्या स्केलेक्स्ट्रिकसारख्या स्लॉट कारला बारा-एक व्होल्ट रुळाच्या खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांतून मिळतात, त्यामुळे अख्खा रूळच अँटेना व्हायला टपलेला. शर्यतीचे शौकीन मात्र वेगाच्या आशेनं यांनाच उपटून टाकतात. हा सरळ अन्याय आहे. मोटरीचा वेग ठरतो व्होल्टेज, वेटोळी आणि चुंबकावर. यांना काढून गाडी पुढे जात नाही, फक्त खरखर मोकळी सुटते.

यात्रेतून गाडी घेतलीत तर मागचे स्क्रू काढून मोटरीची दोन टोकं एकदा बघा. मधली जागा रिकामी असेल तर रिपेअरवाल्याकडून एक १०४ बसवून घ्या. चार-दोन रुपयांचं काम आहे, आणि आजोबांच्या बातम्या पुऱ्या ऐकून होतील.